गच्चीच्या दाराची किल्ली

३ मार्च

पोचले एकदाची! पहाटे मिन्याहून गाडी, दुपारी लाँचमधून नाईल ओलांडली आणि पश्चिमेच्या धक्क्यावर हमदानच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर उभा. मागच्या ट्रॉलीत गादी, शिलाईचं मशीन, माझी औषधांची पेटी आणि या सगळ्यावर मी. एकेचाळिसाव्या वर्षी नवरी झाले, आणि तीही उसाच्या ट्रॉलीतून. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या राहून जिभा घोळवत आनंदाच्या आरोळ्या देत होत्या. शेजारीण उम्म गाबिर सगळ्यांत पुढे. तिनं माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि मोठ्यानं जाहीर केलं, की नवरी जुनी आहे, पण हाडं मजबूत दिसतात. सगळ्या हसल्या, मीही हसले. वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कोंबड्यांना लशी टोचल्यात, चोची मला नव्या नाहीत.

घरात माणसं मोजकी. सासूबाई हाज्जा शफीका, त्यांना सगळे अम्मा म्हणतात. नवरा हमदान, साखर कारखान्याच्या ऊसगाडीवर कामाला, बोलणं अगदी मापाचं. आणि त्याच्या जुळ्या मुली, नवारा आणि वर्दा, सहा वर्षांच्या. त्यांची आई सुआद त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली. वर्दा लगेच माझ्या बांगड्या मोजू लागली. नवारा अम्माच्या पदराआडून नुसती बघत होती. दाराशी अंतर नावाचा म्हातारा कुत्रा आहे. त्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि पुन्हा मिटला. एवढं स्वागत मला पुष्कळ झालं.

संध्याकाळी अम्मानं मला गच्चीवर नेलं. बदकं, कोंबड्या, चार हंसिणी, मातीच्या मडक्यांतली कबुतरं. एका कोपऱ्यात पाव उन्हात फुगवायला ठेवायच्या मातीच्या थाळ्या. अम्मानं लाल दोऱ्यात ओवलेली लोखंडी किल्ली माझ्या गळ्यात घातली. म्हणाली, ज्या सुनेची गच्ची नांदती तिचं घर नांदतं. संध्याकाळच्या बांगेला दार लावायचं, पहाटेच्या बांगेला उघडायचं, आणि दुपारी काही झालं तरी ते दार बंद करायचं नाही. जिन्यातून वारा यावा म्हणून असेल.

ही वही आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर वहीब यांनी निरोपाला दिली. म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा रतीबा, नाहीतर तिकडे कोंबड्यांशी बोलायला लागशील.

५ मार्च

कोंबड्यांशीच बोलते आहे.

लस टोचणं वेगळं आणि कोंबड्या सांभाळणं वेगळं, हे दोन दिवसांत कळून चुकलं. पहाटे पाण्याच्या चार घागरी घेऊन बावीस पायऱ्या चढायच्या. शेण, पिसं, ओला कोंडा खरवडायचा. मग बदकांना घास भरवायचे. बदक दोन गुडघ्यांत धरायचं, चोच उघडायची, भिजवलेले पावटे अंगठ्यानं आत सरकवायचे आणि गळ्यावरून हात फिरवत खाली उतरवायचे. अम्मा एका बदकाला जेवढ्या वेळात उरकते तेवढ्यात माझं नुसतं पकडून होतं. आज एकानं माझ्या तोंडावर सगळं परत केलं. अम्मा म्हणाली, शहरातली कोंबडी दिसायला गुबगुबीत, अंडं घालील तेव्हा खरं.

कंबर मोडली आहे. पण संध्याकाळी गच्चीवरून ऊस दिसतो, नदी दिसते, आणि बदकं पोट भरल्यावर आपापसांत जी कुजबुज करतात ती ऐकत बसावंसं वाटतं.

१३ मार्च

पोरींची दुपारची झोप हा या घरातला मोठाच सोहळा आहे. दुपारची बांग झाली की अम्मा दोघींना मधल्या खोलीत निजवते, स्वतः उंबऱ्यात बसते आणि कुणाला आत जाऊ देत नाही. वर्दा कुशी बदलते, पुटपुटते, खोटं खोटं घोरते. नवारा मात्र झोपते ती अशी, की श्वास बघायला वाकावं लागतं.

आज अम्मा दळणाला गेली म्हणून निजवायला मी बसले. नवारा आजवर माझ्याशी चार शब्द बोललेली नाही. झोप येऊ लागली तशी तिनं न बघताच माझी करंगळी पकडली आणि घट्ट धरून ठेवली. मला मूल झालं नाही, पहिल्या नवऱ्यानं त्याच कारणासाठी सोडलं. मी तासभर हललेच नाही. हात बधिर झाला, पण सोडवून घ्यावासा वाटला नाही. या पोरीनं मला एकदा आई म्हणावं एवढं एकच मागणं आहे, आणखी काही नको.

उम्म गाबिरनं मात्र संध्याकाळी कानाला लागून नको ते सांगितलं. जुळ्यांना म्हणे जन्मल्यापासून चाळीस दिवसांच्या आत उंटिणीचं दूध चाटवावं लागतं. नाही चाटवलं, तर झोपेत अंग अंथरुणात राहतं आणि जीव मांजर होऊन गच्च्यांवर फिरतो. मांजर परत येईपर्यंत पोराला हलवायचं नाही, उठवायचं नाही. वर्दाला दूध मिळालं, नवाराला नाही. रात्री पोट भरलं असलं की जात नाही, दुपारी मात्र जातेच. मी म्हटलं, अहो, मग ती आमची अंडी का नाही राखत, फिरतेच आहे तर. उम्म गाबिर हसली नाही.

२२ मार्च

कोंबडीची तीन पिलं गेली. चोर मी पाहिला. हडकुळं, राखाडी मांजर, कठड्यावर बसून निवांत पंजा चाटत होतं. इथं कुणी मांजर पाळत नाही आणि कुणी हाकलतही नाही. मी हातातली चाळणी फेकली. लाकडी कड त्याच्या मागच्या डाव्या पायावर बसली. ते ओरडलं नाही. माझ्याकडे जरा वेळ बघितलं, राग नाही, नुसतंच नवल, आणि लंगडत माझ्या शेजारून, उघड्या दारातून, खाली जिन्यात उतरलं.

मी मागोमाग गेले. खाली मांजर नव्हतं. उंबऱ्यात अम्मा जपमाळ ओढत होती आणि आत नवारा उठून बसली होती.

संध्याकाळी ती डावा पाय ओढत चालत होती. मांडीवर चाळणीच्या कडेएवढा लांब काळानिळा वळ. हमदाननं विचारलं तर म्हणाली पडले. अम्मानं वळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जेवताना मला वाढलं नाही. मी स्वतः वाढून घेतलं. पोरं पडतात. रोज पडतात. मी वीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेली बाई आहे.

पिलांची गोष्ट खाली कुणालाच सांगितली नव्हती. तरी झोपताना नवारा वर्दाला सांगत होती, की पिलं उंदरानं नेली, आणि चाळणी मात्र तिला बसली. तिला म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.

६ एप्रिल

आज जे केलं ते करायला नको होतं.

अम्मा मयताला गेली होती. दुपारी नवारा निजलेली, मी जवळ बसलेली. करंगळीवरची तिची पकड हळूहळू सुटली आणि तिचे हात गार पडले. एप्रिलच्या उन्हात गार. मला भीती वाटली. मी हाक मारली, खांदे हलवले, शेवटी उठवून बसवलं. मान कलली. डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. मी दवाखान्यात मेलेली जनावरं पाहिली आहेत, मरणारी पाहिली आहेत. हे तसं नव्हतं. हे नुसतं रिकामं होतं.

तेवढ्यात वर कोंबड्या कलकलल्या आणि जिन्यावर पावलं वाजली, मऊ, घाईची, बावीस पायऱ्यांवरून. मांजर खोलीत आलं, माझ्या गुडघ्याला घासून पुढे गेलं, उशीपाशी पोचलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खोलीत मांजर नव्हतं आणि नवारा माझ्या मांडीवर धापा टाकत होती. कपाळ घामानं भिजलं होतं. म्हणाली, असं उठवू नकोस, मला लांबून पळत यावं लागलं.

केसांत एक कबुतराचं पीस होतं. मी काढून खिडकीतून टाकलं आणि वेणी घातली. वेणी नीट जमेना, तीनदा घालावी लागली.

हमदानला सांगितलं. तो म्हणाला, दमली आहेस तू. खरं आहे. दमले आहे.

१९ एप्रिल

ऊस तोडून झाला आणि शेतातले उंदीर गावात घुसले. मांजराच्या पिलाएवढे थोराड उंदीर. दाराशी अंतर कुत्रा त्यांच्याकडे बघतो आणि कूस बदलतो. अंडी जातात, पावटे जातात, निजलेल्या बदकांच्या पायांचे पडदे कुरतडले जातात. आज पहाटे अंडी उबवणारी पांढरी बदकी जागेवरून उठलीच नाही. पोटाखालून उंदरांनी तिला आतून खाल्लं होतं आणि ती तशीच अंड्यांवर बसून राहिली होती. मला रडू आलं. दवाखान्यात कधी आलं नव्हतं.

सापळे लावले, त्यांत माझाच अंगठा सापडला. मी अम्माला म्हटलं, औषध आणते, चार दिवसांत साफ. अम्मा भाकरीचं पीठ मळत होती. हात थांबवून म्हणाली, सहा वर्षांत या घरात विष आलेलं नाही, मी जिवंत आहे तोवर येणार नाही. मी म्हटलं, मग गच्ची नांदायची कशी? ती म्हणाली, थोडी कमी नांदू दे.

आणि गल्लीत काय बोललं जातं ते? सुआदच्या हाताखाली गच्ची कशी भरलेली होती, हे उम्म गाबिर मला दिवसातून दोनदा ऐकवते. परवा म्हणाली, काही बायकांच्या हाताला वाढच नसते. कशाबद्दल म्हणाली ते सगळ्यांना कळलं.

२३ एप्रिल

आणलं. मंगळवारच्या बाजारातून, गुलाबी रंगाचे गहू, कागदाच्या पुडीत. कुणालाही सांगितलं नाही.

मी काही अडाणी नाही. सगळं नीट विचार करून केलं. विष मातीच्या नळ्यांत, आत खोल, जिथं कोंबडीची मान पोचणार नाही तिथं. नळ्या कठड्याच्या बाहेरच्या अंगाला. हात साबणानं तीनदा धुतले. आणि मुख्य म्हणजे दाराला कुलूप. सकाळ, दुपार, संध्याकाळ. किल्ली माझ्या गळ्यात, अंघोळीलासुद्धा काढत नाही. अम्माला सांगितलं दाराची बिजागरी निखळली आहे, सुतार येईपर्यंत बंद ठेवते. तिनं दुपारभर ते दार उघडं ठेवायला माझ्या विनवण्या केल्या. सत्तरीची बाई, माझा पदर धरून. मी म्हटलं, अम्मा, दार पडलं तर पोरींच्या डोक्यात पडेल. तिनं पदर सोडला.

पोरींच्या हाताला विष लागू नये एवढंच माझ्या डोक्यात आहे. मूल काही भिंतींवरून उड्या मारत गच्चीवर जाणार नाही.

आज नवारा दुपारी लवकर उठली नाही. दुपार कलली, संध्याकाळची बांग झाली, तरी नाही. अम्मा रस्त्यावरचं दार सताड उघडून चौकटीत बसून होती. शेवटी ते राखाडी मांजर उम्म गाबिरच्या जिन्यानं उतरून, गल्लीतून, धुळीनं माखलेलं असं आलं आणि आमच्या दारातून आत गेलं. अम्मानं त्याला वाट दिली. लाडानं पुटपुटली, आलीस का गं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, चिरतच राहिले.

२८ एप्रिल

औषध लागू पडलं. सात उंदीर मेलेले सापडले, जमिनीत पुरले. बदकं शांत. एका कोंबडीनं बऱ्याच दिवसांनी अंडं घातलं. खूश व्हायला हवं होतं.

मरायला लागलेला उंदीर पळत नाही. दवाखान्यात ऐकलं होतं, लक्षात राहिलं नव्हतं. आज पाणी घेऊन वर गेले तर कठड्यावर मांजर होतं. तोंडात एक सुस्तावलेला उंदीर.

मी हाकललं. नाही गेलं. माझ्यासमोर खाल्लं, शेपटीपर्यंत.

रात्री नवारा जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.

१ मे

नवाराच्या हिरड्यांतून रक्त येतं आहे. पावावर लाल दातांचे ठसे. पाठीवर निळे डाग, पडलेली नसताना.

मी नळ्यांतलं सगळं काढलं, पुरलं, गच्ची धुतली. बावीस पायऱ्या, अकरा घागरी. कुलूप ठेवलं. कुठं एखादा दाणा राहिला असेल तर? कुलूप असू दे.

अम्मानं मला जवळ बसवून घेतलं. पहिल्यांदाच. उंटिणीचं दूध आणलं होतं, म्हणाली. वाळवंटातून, भांडंभर. सुआदच्या दुखवट्याला घर माणसांनी भरलेलं, दिवे गेलेले, अंधारात दोघी सारख्याच. एकीला चाटवलं, खाली ठेवलं, दुसरी समजून उचलली आणि पुन्हा तिलाच चाटवलं. सकाळी पाहिलं तर नवाराचे ओठ कोरडे आणि भांडं रिकामं. दुसऱ्यांदा दूध मागायची लाज वाटली. सहा वर्षं मी त्या दाराशी बसते आहे रतीबा, म्हणाली, तू ते उघड.

मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तिला म्हटलं, उद्या सुतार येईल.

३ मे

नाकातून रक्त. थांबता थांबत नाही. हमदान पाळीवर, येतो म्हणाला, आला नाही.

डॉक्टर वहीब यांना फोन केला. नाव न सांगता विचारलं, एखाद्या मांजरानं विषानं मेलेले उंदीर खाल्ले तर? म्हणाले, रक्त गोठणं बंद होतं, के जीवनसत्त्वाची सुई द्यायची, लवकर. मग म्हणाले, रतीबा, तू मांजर कधी पाळलंस?

माझ्या पेटीत त्या सुया आहेत. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीसाठी आणलेल्या, पोरीला टोचायचं धाडस होत नाही. मांजर कुठं आहे? सगळ्या गच्च्या पाहिल्या — उम्म गाबिर विचारते काय हरवलं. काय सांगू?

४ मे, सकाळ

गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, घरात उंदराचं औषध होतं का? पोरीच्या हाती लागलं का? मी म्हटलं नाही. तिच्या हाती लागलं नाही, हे खोटं नव्हतं. त्यानं एक सुई टोचली, म्हणाला नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्या, आजच, रक्त द्यावं लागेल.

घरी आणलं. हमदानला निरोप धाडला. वाटेत तिनं विचारलं, दार का लावतेस? मी म्हटलं तुझ्यासाठी. ती म्हणाली, मग मी येऊ कुठून, आई?

आई म्हणाली.

दुपार

निजली. मी निजू देत नव्हते. गाणी म्हटली, पाणी मारलं, बोट तिच्या मुठीत दिलं. निजली. पकड सुटली. हात गार.

हमदान चुलतभावाला मोटरसायकलसकट घेऊन आला. अम्मा उंबऱ्यात आडवी झाली, म्हणाली ती बाहेर आहे, परत आल्याशिवाय उचलाल तर वाट कशी सापडेल तिला? हमदान माझ्याकडे बघत होता. अम्माकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं, जगायला हवी असेल तर उचल. रक्त हवं आहे तिला, मांजर नाही. डॉक्टरनं सांगितलं तेच म्हटलं. कुठलीही शहाणी बाई हेच म्हणाली असती.

अम्माला ओलांडून नेलं. तीन माणसांपुरतीच जागा. मी राहिले.

अम्मा भिंतीशी बसली आहे.

दोनच्या पुढे

वर्दानं माझ्या गळ्यातला लाल दोरा ओढला. म्हणाली, उघड ना, ती मघापासून खरवडते आहे.

उघडलं. वरच्या पायरीवर — दाराच्या मागे — लाकडावर खालून वीतभर उंचीपर्यंत ओरखडे. आजचे नाहीत नुसते. कितीतरी दिवसांचे. मांजराची नखं तुटलेली, नाकाशी रक्त.

माझ्या पायांतून खाली गेली. एकेक पायरी. दोनदा बसली. मधल्या खोलीत गेली, गादीवर चढली. उशी हुंगली. जिथं अंग होतं तिथं गोल फिरली, एकदा, दोनदा — पंजानं चादर उकरली — खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. चाळणी मारली तेव्हासारखंच. राग नाही.

अम्मानं पदर तोंडावर घेतला.

धक्क्यावर

सुई दिली. मांजराला देतात तेवढीच, मान धरून. खजुराच्या काड्यांचं खुराडं घेतलं, बदकं बाजाराला न्यायचं. त्यात माझी ओढणी, त्यावर ती. वर्दा उम्म गाबिरकडे. उम्म गाबिरनं खुराड्यात डोकावलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

लाँच पलीकडे आहे. हमदानला घेऊन गेलेलीच. येते आहे. फार सावकाश येते आहे. ऊन. लोक विचारतात मांजर कुठं नेतेस बाई. पोरीकडे, म्हटलं. पोरीकडे नेते आहे. लोक हसले.

इस्पितळात उशीपाशी ठेवीन. बस. कुणी काही म्हणो. दार उघडं ठेवीन, सगळी दारं उघडी ठेवीन, गच्चीच विकून टाकीन, एकही पीस नको घरात —

लिहिते आहे कारण रडले तर ती घाबरेल.

लाँच निघाली

मध्यावर आहोत. खुराडं मांडीवर. काड्यांच्या फटीतून करंगळी आत घातली. तिनं पंजा ठेवला. दोन्ही पंजे. धरलं आहे. तसंच धरलं आहे, न बघता. हात गार नाही — पंजा गार नाही.

इस्पितळाची पांढरी इमारत दिसते आहे. थोडं थांब, नवारा. थोडंच.

फोन वाजतो आहे. हमदान. एक हात वहीवर, दुसरा तिच्याकडे. घेतला तर करंगळी सोडवावी लागेल. नाही घेत.

थांबला.

पुन्हा वाजतो आहे. त्याला माहीत नाही ती इथं आहे. तिथलं कुणी काही म्हणत असेल तर ते खरं नाही, ती इथं आहे, माझ्याजवळ, मी आणते आहे —

पकड जरा सैल झाली. नाही. माझाच हात हलला असेल लिहिताना. मी आता हलणार नाही. अजिबात हलणार नाही. लिहिणंसुद्धा